वरच्या मजल्यावर लिक्विड कूलर घ्यावा का?

पुण्यात धनकवडीत स्लॅबखालची खोली, एसी नाही, रायझन ७९५०एक्स प्रोसेसरवर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडर (अंतिम चित्र तयार करण्याचं काम) लावलं की भर दुपारी प्रोसेसर ९५ डिग्रीवर. मग २४०चा एआयओ, म्हणजे पंप, नळ्या आणि २४० मिलिमीटरचा रेडिएटर जोडूनच येणारा लिक्विड कूलर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्या ९५ची धास्ती सोडा. २०२२मध्ये आलेली रायझन ७०००ची डेस्कटॉप मालिका ९५पर्यंत जाऊन स्वतःला आवरते, ती बनवलीच तशी आहे. कूलर भारी लावला तरी पूर्ण लोडवर बऱ्याचदा आकडा तोच राहतो, फक्त क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, थोडा वर चढतो.

लिक्विड कूलर गारवा तयार करत नाही, उष्णता फक्त हलवतो. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या प्लेटमध्ये आतून अगदी बारीक खाचा असतात. पंप त्यांतून द्रव फिरवतो, तो तापून रेडिएटरमध्ये जातो आणि तिथे पंखे ती उष्णता हवेत सोडतात. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात, एक लिटर हवेला जेमतेम १.२ ज्यूल. म्हणून पाणी वाहतुकीला उत्तम. पण शेवटी गाठ हवेशीच. मे महिन्यात तुमची खोली ३९ अंशांवर असेल, तर द्रव त्याखाली जाणं शक्यच नाही. शिवाय पूर्ण लोडला प्रोसेसरचे २३० वॉट खोलीतच पडणार, कूलर कुठलाही असो.

आणखी एक गंमत. द्रव तापायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे यूट्यूबवरच्या छोट्या टेस्टमध्ये एआयओ फार देखणा दिसतो. तुमचं रेंडर तासन्‌तास चालतं, तिथे रेडिएटर किती मोठा हेच महत्त्वाचं.

म्हणून खर्च करण्याआधी बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) १०५ वॉटचा इको मोड लावून बघा. १०५ हे त्या मोडचं नाव, प्रत्यक्ष वीज मर्यादा २३०वरून १४२ वॉटवर येते, रेंडरला वेळ त्या मानाने थोडाच जास्त लागतो. फिल्टरवरची धूळ झाडा. आपल्याकडे शेजारी कुठेतरी बांधकाम चालू असतंच. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) जुनी असेल तर बदला, तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळून जाईल.

तरी घ्यायचाच असेल तर २४० नको, ३६० घ्या. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावा. वर्षानुवर्षं नळ्यांच्या भिंतींतून थोडा द्रव झिरपून उडतो, त्या जागी हवा येते आणि ती सर्वांत उंच ठिकाणी साठते. तिथे पंप असला की गुरगुर सुरू आणि पंपाचं आयुष्य कमी. ऑर्डर करण्यापूर्वी रॅमच्या वर किती जागा उरते ते पट्टीने मोजा, रेडिएटर अधिक पंखे मिळून साधारण ५२ मिलिमीटर जाडी होते.