उभ्या गाडीची बॅटरी

गाडी क्वचितच बाहेर निघत असेल, तर रोज पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा उपाय करू नये. तेवढ्यात बॅटरी म्हणावी तशी भरत नाही, शिवाय इंजिन पुरेसे न तापल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवावी.

तेही जमणार नसेल, तर मल्टिमीटर जवळ ठेवावा. गाडी काही तास बंद राहिल्यावर मोजले असता नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरला, तर ती पूर्ण चार्ज आहे असे समजावे, तो १२.४ च्या खाली गेल्यास चार्जिंग लांबणीवर टाकू नये, कारण अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि मग तिची क्षमता पूर्ववत होत नाही. माझ्या मते, भरल्यावर आपोआप प्रवाह कमी करणारा चार्जर हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे.

महिनाभर गाडी हलणारच नसेल, तर ऋण टर्मिनल सोडवून ठेवावे, म्हणजे घड्याळ आणि अलार्म यांना लागणारा किरकोळ प्रवाहही थांबतो. सोडवताना ऋण आधी आणि जोडताना ऋण शेवटी, हा क्रम पाळावा. अन्यथा धन टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकताच ठिणगी उडते.