डिमेन्शियाची काळजी शिकवायला सुरुवात कुठून करावी?

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांची काळजी सहा आठवड्यांत शिकवायची आहे, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. मी हा विषय एम.एस्सी. नर्सिंगला बरीच वर्षं शिकवते आहे. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: अंघोळीपासून.

पहिल्या वर्षी मी मेंदूच्या चित्रापासून सुरू केलं होतं. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये मांडलेली केस, मेंदूत साठणारी प्रथिनं, डोनेपेझिल आणि मेमँटिन ही औषधं, सगळं झालं. मुलांनी पेपरही छान लिहिले. मग त्यातली एक मुलगी एका घरी भेटीला गेली. तिथल्या सुनेने तिला विचारलं, "बाबा रोज अंघोळीच्या वेळी अंगावर धावून येतात, मी काय करू?" तिला काही सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही लगेच सांगता आलं नसतं.

आम्ही दोघींनी बसून सगळं विचारून घेतलं. हे बाबा गिरणी कामगार. आयुष्यभर दुसरी पाळी केलेली, त्यामुळे अंघोळ कायम दुपारी, जेवणाआधी. आता मुलगा ऑफिसला जायच्या आत उरकायचं म्हणून त्यांना सकाळी सातला उठवून मोरीत बसवायचे आणि मागून डोक्यावर तांब्या ओतायचे. आणि समोर सून. माणसाला सुनेचं नाव आठवत नसलं तरी तिच्यासमोर उघडं होण्याची लाज शाबूत असते. मग अंघोळ दुपारवर नेली. कमरेचा पंचा तसाच ठेवायचा, पाणी पायांपासून सुरू करायचं, तांब्या त्यांच्याच हातात द्यायचा, डोकं रविवारी मुलाने धुवायचं. त्यांचं धावून येणं पूर्ण थांबलं नाही, पण रोजचं होतं ते पंधरवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. औषधाची एकही गोळी वाढवावी लागली नाही.

तुमचे पहिले दोन आठवडे यावरच जाऊ द्या. नेमकं काय घडलं, आधी काय झालं होतं, नंतर कोण काय बोललं, हे विद्यार्थ्यांना लिहायला लावा. 'आजोबा आक्रमक झाले' हे वाक्य मी वहीत चालवून घेत नाही. मग कारण शोधायचं: दुखतंय का, पोट साफ आहे का, ऐकू येतंय का, खोलीत अंधार आहे का, या माणसाची जुनी सवय काय होती. त्यावरून उपाय ठरवायचा आणि आठवड्याने तो लागू पडला का ते बघायचं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी बसवलेल्या या चार पायऱ्यांना 'डाइस' म्हणतात. शांत करणारी मानसिक आजारांची औषधं स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात, हा इशारा तिथल्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे, तोही याच तासाला सांगा.

एक गोष्ट मात्र घोटूनच घ्या. महिनोन्महिने हळूहळू झालेला बदल वेगळा आणि दोन दिवसांत झालेला वेगळा. परवापर्यंत बोलणारी आजी आज गुंगीत आहे किंवा भलतंच काही दिसतंय म्हणते, तर तो डिमेन्शिया वाढलाय असं समजायचं नाही. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, यातलं काहीही असू शकतं. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

स्मरणशक्ती तपासायच्या चाचण्या शिकवाल तेव्हा आपली माणसं डोळ्यांसमोर ठेवा. माझ्या एका विद्यार्थ्याने आजींना महिना विचारला, त्या म्हणाल्या "आषाढ". त्याने चूक मांडली, जुलै म्हणाल्या नाहीत म्हणून. आषाढच चालू होता! शंभरातून सात-सात वजा करायला लावणारी चाचणी कधी शाळेत न गेलेल्या बाईला कशी लावणार? हरियाणातल्या बल्लभगडमध्ये झालेल्या डिमेन्शियाच्या अभ्यासासाठी हिंदी चाचणी वेगळी बनवावी लागली, ती याच अडचणीमुळे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. शाळेची संधी न मिळालेल्या बायका यात किती असतील, याचा विचार विद्यार्थ्यांना करू द्या.

सांभाळणाऱ्या बाईवर किती भार आहे हे मोजायला झरिट या संशोधकांची २२ प्रश्नांची यादी आहे. ती सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर विचारली तर "नाही हो, कसला त्रास" हेच उत्तर येणार. तिच्याबरोबर भाजी आणायला जा, वाटेत विचारा. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घरच्यांनी दोन-तीन वर्षं काढलेली असतात आणि त्या काळात आपण ओरडलो, याची बोचणी तिला असते. ती ऐकून घेणं हेही काळजीचंच काम आहे आणि एमएसडब्ल्यूची मुलं ते आमच्या मुलांपेक्षा चांगलं करतील, असं मला वाटतं.

कायद्याचा एक तास तरी ठेवा. आपल्याकडे बरीच घरं कुलमुखत्यारपत्राच्या, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाच्या भरवशावर असतात. ते करून देणाऱ्याची समज गेली की ते चालत नाही, हे बँकेच्या खिडकीवर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मृत्युपत्र, नॉमिनी, पेन्शनचं खातं यांचं बोलणं निदान झाल्याबरोबर व्हायला हवं, आणि ते रुग्णाला बाजूला बसवून नाही, त्याच्याशीच.

परीक्षेसाठी मी आता प्रश्नपत्रिका काढत नाही. एक विद्यार्थी, एक घर, आठवड्याला एक भेट. शेवटी एका पानाचा दिनक्रम मराठीत, घरच्यांच्या शब्दांत, स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवता येईल असा. घरचे तो पाचव्या आठवड्यात वापरतात का, यावर मी गुण देते.

आणि पहिल्याच दिवशी वर्गाला सांगा की ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी नंतर एकट्याने येऊन भेटा. दर वर्षी माझ्याकडे दोघं-तिघं तरी येतात. त्यांना घरभेट द्यायची की नाही, हे मी त्यांनाच ठरवू देते.