कपडे मुलं घालणार, मत कोण देणार?

या वेळी ड्रेस कोड आणि संघटनेतलं मतदान यावरची तीन पत्रं एकत्र घेतलीयत, पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तो प्रश्न बऱ्याच घरांतला आहे.

प्रश्न : आमच्या जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघटनेच्या वार्षिक सभेत ड्रेस कोडचा ठराव येणार आहे म्हणे. जीन्स, शॉर्ट्स, टीशर्ट बंद आणि मुलींसाठी ‘सभ्य पोशाख’ सक्तीचा. माझी मुलगी 13 वर्षांची आहे, ट्रॅकपँट आणि टीशर्ट घालूनच सगळ्या स्पर्धा खेळते. मत फक्त आजीव सभासदांना, आणि त्यातले कितीतरी जण आता पटावर बसतही नाहीत. मी सभासद नाही. गप्प बसू का? – एक आई (गावाचं नाव छापू नका असं कळवलंय)

उत्तर : ताई, अजिबात गप्प बसू नका. आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, मुलीची खेळाडू म्हणून नोंदणी आहे म्हणजे तिला किंवा तुम्हाला संघटनेत मत आहे असं नाही, नोंदणी वेगळी आणि सभासदत्व वेगळं. आपल्याकडच्या बहुतेक संघटना 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि प्रत्येकीची स्वतःची घटना असते. सभासद कोण होऊ शकतो, सभेची नोटीस किती दिवस आधी, कोरम (गणसंख्या, म्हणजे सभेला किमान किती सभासद हवेत) किती हे सगळं त्यात लिहिलेलं असतं, तर ती घटना मागा. संघटनेत नाही मिळाली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नक्कल मागता येते, आणि घटनेप्रमाणे पालकांना सभासद होता येत असेल तर आजच अर्ज टाका.

दुसरं म्हणजे सभेची नोटीस नीट वाचा. ड्रेस कोड अजेंड्यावर स्वतंत्र विषय म्हणून आहे का बघा, की शेवटच्या ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात घुसवणार आहेत. मला हे फार खटकतं, कारण तोपर्यंत निम्मी माणसं चहा घेऊन निघालेली असतात आणि ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ होऊन इतिवृत्तात जातो. नोटिशीच्या खाली अजून एक ओळ असते, गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही, म्हणजे वेळेवर माणसं आली नाहीत तर अर्ध्या तासाने दहा-बारा जण मिळून अख्ख्या जिल्ह्यातल्या मुलांचे कपडे ठरवू शकतात. म्हणून तुमच्या बाजूचे जे कोणी सभासद असतील त्यांना फोन करून सभेला बसवा, आणि शेवटपर्यंत बसवा.

आता ठरावाबद्दल. माझं मत सरळ आहे, ‘सभ्य’ हा शब्द नियमात नकोच. पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याची यादी, लागलंय, घड्याळ सुरू व्हायला पाच मिनिटं आहेत आणि पंच तेरा वर्षांच्या मुलीला बाजूला घेऊन चार लोकांदेखत सांगतात की हे चालणार नाही, ती मुलगी पुढचे दोन तास पटाकडे बघेल की स्वतःच्या कपड्यांकडे? आणि सभ्य काय ते ठरवणार कोण, तर त्या दिवशी ड्युटीवर असलेला माणूस, उद्या दुसरा असेल तर त्याचं वेगळं.

मोठ्या पातळीवर काय झालं तेही बघा. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कला बुद्धिबळाच्या जागतिक रॅपिड (जलद) स्पर्धेत मॅग्नस कार्लसन जीन्स घालून आला, फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, 200 डॉलर दंड केला आणि लगेच बदलून ये म्हटलं, तो उद्यापासून बदलतो म्हणाला, तर नवव्या फेरीत त्याचं पेअरिंगच केलं नाही आणि तो स्पर्धा सोडून गेला. फिडेची एक बाजू मला पटते, नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता, तो खेळाडूंच्याच आयोगाने तयार केलेला होता असं फिडेने सांगितलं, आणि त्याच दिवशी स्पोर्ट्स शूजबद्दल नेपोम्नियाची या दुसऱ्या बड्या खेळाडूलाही दंड झाला होता, तो बूट बदलून आला आणि खेळला. पण दोनच दिवसांत फिडेने थोडीफार सवलत, जॅकेटला शोभेल अशी जीन्सही, चालेल म्हणून जाहीर केलं आणि कार्लसन ब्लिट्झ (अतिजलद) स्पर्धेला जीन्समध्येच बसला. मला टोचलं ते हे. नियम बदलायचा तर बदला ना, पण सर्वांत मोठा खेळाडू उठून गेल्यावर बदलला की बाकीच्यांनी काय समजायचं? जिल्ह्याच्या स्पर्धेत तुमची मुलगी उठून गेली तर तिच्यासाठी कोण नियम सैल करणार आहे?

मुलींच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेनंतर उघडपणे लिहिलं होतं की प्रेक्षक तिच्या खेळाऐवजी कपडे, केस, बोलण्याची ढब यावरच बोलतात. तेव्हा ती 18 वर्षांची होती. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये जॉर्जियात बातुमीला तिने महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. अशा मुली आपल्या जिल्ह्यातून याव्यात असं वाटत असेल तर कपड्यांवर बोट ठेवायची सोय नियमातच करून ठेवू नका, एवढंच त्या सभेत कुणीतरी उठून सांगायला हवं.

ठराव पाडणं जमेल असं वाटत नसेल तर सभासदाकडून उपसूचना, म्हणजे ठरावात बदल सुचवणारी सूचना, मांडून घ्या, सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवून ठेवा. उपसूचनेवर मूळ ठरावाच्या आधी मत घेतात, हे अध्यक्ष विसरले तर आठवण करून द्या. उपसूचनेत लिहा की काय चालणार नाही त्याची स्पष्ट यादी असेल आणि ती मुलगा-मुलगी दोघांना एकच, पहिल्या वेळी फक्त सांगायचं, तेही फेरी संपल्यावर, आणि कपड्यांवरून कुणाला फेरी खेळण्यापासून अडवायचं नाही. एसटीने पहाटे निघून येणाऱ्या मुलांकडे फॉर्मल पँट-शर्टचा जोड असतोच असं नाही, हेही मांडा. पालकांच्या सह्यांचं पत्र सभेआधी सचिवांना द्या आणि पोच घ्या.

एका सभेत हरलात तर सोडू नका. लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब 1787 चा, तिथे बायकांना सभासद करून घ्यायचा प्रश्न फेब्रुवारी 1998 मध्ये मताला टाकला तर निम्म्याहून जास्त मतं बाजूने पडली तरी हरले, कारण दोन तृतीयांश लागत होती. त्याच वर्षी सप्टेंबरात परत मतदान झालं, जवळपास 70 टक्के मतं मिळाली आणि दार उघडलं. क्लब तोच, वर्षही तेच.

प्रश्न : आमच्या क्लबच्या बॅडमिंटन लीगमध्ये महिलांना पांढरा स्कर्ट सक्तीचा करायचं चाललंय, शोभून दिसतं म्हणून. आम्ही नाही म्हटलं तर ‘आंतरराष्ट्रीय नियम आहे’ म्हणतात. खरं आहे का? – चौघी मैत्रिणी, पुणे

उत्तर : नाही. जागतिक बॅडमिंटन महासंघाने 2011 मध्ये वरच्या स्पर्धांत स्कर्ट किंवा ड्रेस सक्तीचा करायचं ठरवलं होतं, खेळ आकर्षक दिसावा म्हणून, जगभरातून खेळाडूंनी विरोध केला, आधी पुढे ढकललं आणि 2012 मध्ये सोडून दिलं. पांढऱ्याचं म्हणाल तर विम्बल्डनइतका कडक नियम कुठेच नाही, पण त्यांनीसुद्धा 2023 पासून महिलांना स्कर्टच्या आत गडद रंगाची शॉर्ट्स घालायला परवानगी दिली, कारण पाळीच्या दिवसांत पांढऱ्यात खेळायचा ताण खेळाडूंनी बोलून दाखवला होता. हेच कारण सभेत स्पष्ट सांगा, लाजू नका, आणि कार्यकारिणीत एकही बाई नसेल तर तेही विचारा. तुम्हाला शॉर्ट्स, लेगिंग, ट्रॅकपँट ज्यात पळता येतं ते घाला.

प्रश्न : माझी वर्गणी पाच महिने थकलीय, मत देता येईल का? आणि ड्रेस कोडला तीन पंचमांश मतं आणि दोन सभा लागतात असं एकजण म्हणाला. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : 1860 च्या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली असेल तर मत नाही, म्हणून सभेआधी भरा आणि पावती खिशात ठेवा, मतदारयादी कुठल्या तारखेला बंद होते तेही विचारून घ्या. तीन पंचमांश मतं आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा हे कलम 12 मधलं आहे, ते संस्थेचा उद्देश बदलायचा असेल किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचं असेल तर लागतं. ड्रेस कोडला तुमच्या घटनेत जे लिहिलंय तेच, बऱ्याच ठिकाणी साधं बहुमत. प्रॉक्सी, म्हणजे तुमच्याऐवजी दुसऱ्याने मत देणं, चालते की नाही हेही घटनेतच बघा, आणि हात वर करून मत द्यायचा संकोच असेल तर गुप्त मतदानाची मागणी सभा सुरू झाल्या झाल्या करा.