मुलीला मुंबईत एकटीनं राहणं कितपत सुरक्षित आहे?

तू लिहिलंयस की नांदेडहून पहिल्यांदाच बाहेर पडतेयस, लोअर परळला नोकरी लागलीय, शिफ्ट रात्री अकराला सुटणार, मुंबईत ओळखीचं कोणी नाही आणि आई-बाबा "पुण्यात नाही का मिळत" म्हणून मागे लागलेत. रात्रीच्या प्रवासाची भीती वाटते, एकटीनं राहता येईल का, असं विचारतेयस. वयानं लहान असशील म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

मी कराडची. २०१५ पासून इथे आहे, आधी मुलुंडला आणि आता डोंबिवलीला. ऑफिस तुझ्याच भागात. एवढ्या वर्षांत रस्त्यावर किंवा गाडीत खरंच घाबरले असेन तर चार-पाच वेळा. घरापायी मात्र जीव मेटाकुटीला आला. तू प्रवासाचं विचारलंयस, पण मी घरापासून सुरुवात करते.

"फॅमिली आहे का? बॅचलर चालत नाही," हे एजंटकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हा मुलांबद्दल बोलतोय. नाही, आपणही बॅचलरच. अकरा फ्लॅट पाहिले. कुठे "रात्री उशिरा येणं-जाणं चालणार नाही", कुठे "मित्रबित्र येणार नाहीत ना". सगळे म्हणणार सोसायटीचा नियम आहे, आणि लेखी दाखवा म्हटलं की विषय बदलणार. खरं तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, मालकानं आधी कळवलं की पुरे. पण हे तोंडावर सांगणाऱ्या मुलीला घर मिळत नाही. मीही गप्प बसले आणि बाराव्या ठिकाणी मिळालं ते घेतलं.

तिथे सहा महिने बरे गेले. मग एक दिवस कुरियर घ्यायला खाली गेले. वॉचमन जागेवर नव्हता, पेन शोधताना त्याची वही उघडी दिसली. पाहुण्यांच्या नोंदींच्या मागे एक वेगळं पान आखलेलं. वर '३०२ मॅडम' आणि खाली तारखा आणि वेळा. ११.५०. १२.१०. ११.४५. एका रात्रीपुढे 'रिक्षा', दुसऱ्या रात्रीपुढे 'कार, जेंट्स'. त्या रात्री ऑफिसची गाडी होती आणि जेंट्स म्हणजे ड्रायव्हर. इमारतीत बाकी कुणाचं असं पान नव्हतं. वॉचमन आला, वही माझ्या हातात बघून कानकोंडा झाला आणि म्हणाला, "सेक्रेटरी साब ने बोला है, मॅडम." त्या बिचाऱ्याला काय बोलणार? महिन्याभरानं मालकाचा फोन आला, की सोसायटीत कुजबुज आहे, तुम्ही दुसरीकडे बघा. सख्खा भाऊ दोन दिवस राहून गेला होता, तेही त्या कुजबुजीत आलं होतं म्हणे.

तेव्हा मला एकच गोष्ट उपयोगी पडली, नोंदणी केलेला करार. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला भाड्याचा करार, नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकाची असते, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं स्पष्ट आहे. तो हातात होता म्हणून मला "उद्या सामान उचला" म्हणता आलं नाही, नोटिशीचा महिना मिळाला. तेव्हा नोंदणी टाळून "नोटरी करून देतो, स्वस्तात होईल" म्हणणाऱ्या एजंटला नमस्कार कर आणि पुढचं घर बघ. आणि राहायला गेल्याच्या पहिल्याच दिवशी किल्लीवाल्याला बोलावून लॅच बदलून घे. जुन्या लॅचच्या किल्ल्या किती जणांकडे असतील सांगता येत नाही. माझ्या मालकाकडे एक होती, आणि मी ऑफिसात असताना ते "गळती बघायला" येऊन गेले होते. हे मला शेजारणीकडून कळलं.

आता प्रवास. लोअर परळचं स्टेशन पश्चिम रेल्वेवर, पण तिथून चालत करी रोड गाठलं की मध्य रेल्वे मिळते. घर कुठल्या लाइनला घ्यायचं ते यावरून ठरव. रात्री अकरा म्हणजे मुंबईत फार उशीर नाही. शेवटच्या गाड्या साडेबारा-एकपर्यंत असतात आणि रात्री लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. एक बघून ठेव, सगळे लेडीज डबे चोवीस तास लेडीज नसतात. काही ठरावीक वेळेनंतर जनरल होतात. डब्यावर वेळ लिहिलेली असते ती वाच. रात्री साडेअकराच्या गाडीत तुला नर्सा भेटतील, मॉलमधल्या मुली, हॉटेलात भांडी घासून निघालेल्या बायका. एक नर्स मला रोज सांगायची, "मी झोपते, ठाणं आलं की हलव." तिचं नाव मला अजून माहीत नाही.

मी सगळ्यात जास्त घाबरले ती भर दुपारी. हार्बर लाइनची गाडी, पावणेतीनचा सुमार. सँडहर्स्ट रोडला शेवटच्या दोघी उतरल्या आणि अख्ख्या डब्यात मी एकटी. पुढचा पट्टा गोदीचा, गोदामांचा, दुपारी स्टेशनांवर चिटपाखरू नसतं. रे रोडला एक माणूस लेडीज डब्यात चढला, समोर येऊन बसला आणि पँटच्या चेनला हात घातला. ओरडून ऐकणार कोण? कॉटन ग्रीनला गाडी थांबली तशी उडी मारून उतरले आणि धावत पुढच्या जनरल डब्यात शिरले. तिथे चाळीसेक पुरुष. दारातल्या एकानं माझ्याकडे पाहिलं, काय समजला कोण जाणे, आत बघून म्हणाला, "ओ, जरा सरका." चौथी सीट मिळाली, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेची टेकण्यापुरती जागा. मोबाइलमधून कुणी डोकंही वर काढलं नाही.

तेव्हापासून मी घड्याळ बघत नाही, आजूबाजूला माणसं किती आहेत ते बघते. २०१३ साली शक्ती मिलच्या आवारात त्या छायाचित्रकार मुलीवर बलात्कार झाला तेव्हा वेळ संध्याकाळची होती, ती कामावर होती, सोबत पुरुष सहकारी होता, आणि जागा महालक्ष्मीसारख्या गजबजलेल्या भागातली, पण बंद पडलेली गिरणी. दिवेलागणीच्या आत घरी या म्हणणाऱ्यांना हे उदाहरण मी नेहमी देते. जवळचा म्हणून निर्जन बोळ धरण्यापेक्षा दहा मिनिटं जास्त चाल, पण वडापावची गाडी चालू असलेल्या रस्त्यानं जा.

गर्दीतही त्रास होतोच, तो वेगळा. पुलावर कोपर लागतं, हात लागतो, आणि वळून बघेपर्यंत माणूस नाहीसा. एकदा मी एकाची कॉलर पकडली होती. लोकांनी त्याला धरून ठेवलं, पण चौकीत गेल्यावर मला विचारलं गेलं, "मॅडम, तुमची नक्की खात्री आहे ना?" आणि मग, "हे आमच्या हद्दीत येत नाही." हे लक्षात ठेव: गाडीत, फलाटावर, पुलावर घडलं तर लोहमार्ग म्हणजे रेल्वेचे पोलीस, स्टेशनाबाहेर घडलं तर शहर पोलीस. पण हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. हा शब्द उच्चारला की समोरच्याची बसण्याची पद्धत बदलते. मदतीला फोन करायचा तर एरवी ११२ आणि रेल्वेत १५१२, दोन्ही सेव्ह करून ठेव.

रिक्षावाल्यांबद्दल माझी तक्रार एवढीच, की ते भाडं नाकारतात. त्यातही लोअर परळला रिक्षा नाहीतच, तिथे टॅक्सी.

आणि एक गोष्ट रुजू होण्याआधी कर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घरापर्यंत सोडायची सोय कंपनीनं करायची असते. एचआरला ईमेल करून विचार, "ड्रॉप कुठपर्यंत मिळेल?" फोनवर नको, लेखी उत्तर हवं. ते आलं की मगच घर कुठे बघायचं ते ठरव.

घर बघायला येताना आईला घेऊन ये. एजंट तुझ्याशी बोलणार नाही, त्यांच्याशी बोलेल, आणि त्याचा सूरच वेगळा असेल. मला हे सांगताना लाज वाटते, पण डोंबिवलीचं हे घर मला तसंच मिळालं.