शरीराला प्रचिती हवी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडखळले. ‘मला सगळे समजते, तरी हात थरथरतातच,’ असे तू लिहिले आहेस. अपघाताला चौदा महिने झाले, त्या रात्री चूक तुझी नव्हती, गाडी दुरुस्त होऊन दारात उभी आहे, हे तुला पाठ आहे. तरीही मागून जोरात हॉर्न वाजला की छाती आवळते, तळहात ओले होतात आणि तुला रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागते. मग कुणी सांगितले म्हणून तू त्या शिबिराला गेलीस. तिथे तासभर वेगाने श्वास घ्यायला लावला, बोटे आखडून वाकडी झाली, ओठांभोवती मुंग्या आल्या आणि ‘साचलेले बाहेर पडते आहे’ असे सांगून तुला तसेच पडू दिले. आता तू मला विचारतेस, गोळ्या सोडून पूर्णपणे योगाकडे वळू, की हे सारे थोतांड समजून नुसत्या गोळ्यांवर राहू?

या दोन्ही वाटा मला मान्य नाहीत, आणि तुझ्यासारख्या वाचणाऱ्या मुलीने प्रश्न असा मांडावा याचा मला थोडा रागही आला. पण आधी त्या मुंग्यांचे सांगते, कारण त्या तासाने तुझे नुकसान केले आहे. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्ताची आम्लता कमी होते, त्यातल्या मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण उतरते आणि नसा अतिसंवेदनशील होतात. बोटे आखडतात, डोके हलके होते, ते यामुळे. आत साचलेले काहीही बाहेर पडलेले नाही. उलट तुझ्या शरीराला तासभर एकच प्रचिती मिळत राहिली, की श्वासाकडे लक्ष दिले तर ताबा सुटतो. म्हणून तर आता साधा दीर्घ श्वास घ्यायचीही तुला भीती वाटते.

मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. शरीराला पटवून देता येत नाही, त्याला प्रचिती द्यावी लागते. तू चौदा महिने त्याच्याशी वाद घालते आहेस. ‘धोका संपला, आता घाबरू नकोस’ हे तू ज्याला सांगतेस त्याला भाषाच कळत नाही. लढा किंवा पळा या प्रतिक्रियेचे वर्णन शरीरक्रिया अभ्यासणारे अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली केले. भीतीच्या क्षणी अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय धावू लागते, पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते, आणि विचार जागा होईपर्यंत यातले बरेचसे घडूनही गेलेले असते. त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, छातीतली कळ आणि धाप यांची नोंद केली होती; त्यांतल्या अनेकांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. आघातोत्तर ताण विकार (पीटीएसडी) हे तुझे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तकात आले ते १९८० साली. नाव मिळायच्या शंभर वर्षे आधी ही माणसे छातीवर हात ठेवून डॉक्टरांकडे येत होती. तेव्हा ‘हे सगळे मनातले आहे’ असे तुला कुणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नकोस.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. बत्तिसाव्या वर्षी मी पुराच्या पाण्यात सापडले होते. अंधाऱ्या खोलीत पाणी छातीपर्यंत चढले आणि दार आतल्या बाजूने उघडेना. सुटका झाली, शरीरावर ओरखडाही नव्हता. त्यानंतर नऊ वर्षे मी डोक्यावरून पाणी घेऊ शकले नाही. मान मागे टाकून, चेहऱ्यावर थेंब येऊ न देता केस धुवायचे, आणि चुकून पाणी नाकाशी आले की भिंतीला धरून उभे राहायचे. त्या नऊ वर्षांत मी लोकांना समुपदेशन करत होते, भीतीवर व्याख्याने देत होते आणि स्वतःला रोज समजावत होते की हे न्हाणीघर आहे, पूर नाही. शरीराने त्यातला एक शब्दही ऐकला नाही. शेवटी एके दिवशी मी लहानसे भांडे घेतले आणि मनगटावर पाणी सोडले, इतकेच. आठवडाभर मनगट, मग कोपर, मग खांदा. मानेपर्यंत यायला दोन महिने लागले. चेहऱ्यावर पहिल्यांदा पाणी घेतले तेव्हा मी डोळे उघडे ठेवले होते, एक हात दाराच्या कडीवर होता आणि दार उघडे होते. ती कडी माझ्या हाताखाली सरकत होती, हे शरीराला त्या क्षणी कळले. नऊ वर्षांत शब्दांना जे जमले नव्हते ते त्या कडीने केले. ती नऊ वर्षे मी वाया घालवली, याचे दुःख मला आजही आहे, आणि तुझी चौदा महिन्यांची गोष्ट वाचून माझा जीव कळवळतो तो त्यामुळेच.

आता श्वासाबद्दल. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने ती मंदावते. म्हणून भर सोडण्यावर द्यायचा. चार आकडे मोजत नाकाने घे आणि सहा मोजत सोड. एक आकडा म्हणजे साधारण एक सेकंद. मिनिटाला सहा श्वास होतात. छाती फुगवू नकोस, जोर लावू नकोस. पाच मिनिटे पुरेत, पण रोज, आणि तेही मन शांत असताना. तू लिहितेस की झटका आल्यावर तू श्वासाचा प्रयोग केलास आणि उपयोग झाला नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतलीस तर पाणी कुठून मिळणार? श्वास मोजणेच नको वाटत असेल तर तो विषय बाजूला ठेव आणि स्नायूंपासून सुरुवात कर. मुठी पाच सेकंद घट्ट आवळायच्या, मग सोडायच्या आणि सोडल्यावर हातात काय होते ते पाहायचे. एडमंड जेकबसन यांच्या १९२९ सालच्या पुस्तकामुळे रूढ झालेल्या पद्धतीचा हा अगदी साधा अवतार आहे. कुणाला श्वास मानवतो, कुणाला मूठ. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही.

ध्यानाचा आग्रह मात्र तूर्त मुळीच धरू नकोस. मी कारकिर्दीच्या सुरुवातीला आगीतून वाचलेल्या एका तरुणाला डोळे मिटायला लावले आणि ‘छातीकडे लक्ष द्या’ म्हणाले. मिनिटभरात तो ताडकन उठला, दार ओढण्याऐवजी ढकलत राहिला आणि ते उघडत नाही म्हणून ओरडू लागला. तो पुन्हा आला नाही. त्याची तयारी नव्हती, असे मी सहकाऱ्यांना सांगितले. खरे तर तयारी माझी नव्हती. ज्याच्या शरीरातच आग अडकली आहे त्याला मी डोळे मिटून आत पाठवले होते. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या माणसाची खुर्ची दाराजवळ असते, डोळे उघडे असतात आणि ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क त्याचा असतो. योगाचेही हेच आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आघातोत्तर ताण विकार असलेल्या आणि इतर उपचारांनी पुरेसा गुण न आलेल्या ६४ स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आघातग्रस्तांसाठी बेतलेला योगवर्ग दिला गेला. अखेरीस योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी निदानाच्या निकषांबाहेर आल्या, तर तुलनेच्या गटात २९ पैकी ६. या पद्धतीच्या योगात शिक्षक हुकूम सोडत नाही आणि न विचारता अंगाला हात लावून आसन सुधारत नाही. हात किती उचलायचा हे करणारी ठरवते. ज्या शरीराला एका रात्री काहीच ठरवता आले नव्हते त्याला इथे ठरवण्याची प्रचिती मिळते. तुझ्या शिबिरात नेमके हेच नव्हते.

गोळ्यांचे थोडक्यात सांगते, कारण तो अधिकार तुझ्या डॉक्टरांचा आहे. तू घेतेस ते सर्ट्रालिन आघातोत्तर ताण विकारासाठी मान्यताप्राप्त औषध आहे. ते एकाएकी सोडलेस तर चक्कर, अस्वस्थता, विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना येऊ शकते आणि तू तिलाच आजार उलटला असे समजशील. २०२२ साली आलेल्या ज्या चाचणीचा तू दाखला दिलास, तिच्यात २७६ जणांवर आठ आठवड्यांच्या सजगता-वर्गाची (माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याचे ध्यान) एस्सिटॅलोप्रॅम या औषधाशी तुलना झाली आणि वर्ग औषधापेक्षा कमी ठरला नाही, हे खरे. पण ते रुग्ण चिंताविकाराचे होते. तुझे निदान वेगळे आहे. २०१५ मध्ये ११६ माजी सैनिकांवर झालेल्या चाचणीत सजगतेचा आघातोत्तर लक्षणांवरचा फायदा माफकच दिसला. अर्धे वाचून निर्णय घेऊ नकोस. मी स्वतः तरुणपणी गोळी घेणाऱ्यांना कमकुवत समजत असे आणि ते समजणे अज्ञानाचे होते. गोळीने झोप लागत असेल, थरथर कमी होत असेल, तर त्या उसंतीत शरीराला प्रचिती देण्याचे काम करता येते.

तू हेही विचारलेस की त्या रात्रीबद्दल बोलावेच लागेल का. हो, लागेल. एडना फोआ यांची दीर्घ सामोरे जाण्याची पद्धत, म्हणजे टाळलेल्या आठवणीला आणि प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे, साधारण ८ ते १५ बैठका आणि प्रत्येक बैठक दीड तासापर्यंतची, किंवा फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेली, घटना आठवताना डोळे इकडून तिकडे फिरवण्याची पद्धत (ईएमडीआर), यांच्यामागे आज भक्कम पुरावा आहे, आणि त्या प्रशिक्षित माणसाकडूनच घ्यायच्या असतात. मी पहिल्या भेटीत घटनेबद्दल विचारत नाही, यावरून माझ्यावर पुष्कळ टीका झाली. काहींच्या मते मी लोकांना खेळवत ठेवते. एका बाईंच्या बाबतीत ती टीका खरी होती. वर्षभर मी त्यांची ‘तयारी’ करून घेत राहिले; शेवटी त्या दुसऱ्या उपचारकाकडे गेल्या आणि तिथे तीन महिन्यांत सगळे बोलून मोकळ्या झाल्या. घाबरले होते ते माझे शरीर, त्यांचे नव्हे, हे मला फार उशिरा कळले. तरीही पहिल्या भेटीतच कुणाकडून सारे वदवून घेणे मला आजही मान्य नाही. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलते करण्याची पद्धत तपासली गेली तेव्हा तिने पुढचा विकार टळत नाही, असेच दिसले. पाय जमिनीवर आहेत, दार उघडे आहे, थांबता येते, याची प्रचिती आधी आणि गोष्ट नंतर. फक्त ते ‘आधी’ दोन-तीन आठवड्यांचे असावे, वर्षाचे नव्हे.

तुझी दुसरी भीती धडधडीची आहे. हृदय धावले की आता काहीतरी होणार, असे तुला वाटते. डॉक्टरांनी हृदय तपासून निर्वाळा दिला आहे, तेव्हा एक मिनिट जागच्या जागी धाव. मुद्दाम धडधड आण, उभी राहा आणि ती आपोआप उतरताना पाहा. दिवसातून तीनदा. ही धडधड बाहेरून आली नाही, मी आणली आणि ती गेली, हे शरीराने अनुभवले पाहिजे. दोन आठवडे केलेस की हॉर्ननंतरची धडधड ओळखीची वाटू लागेल. ती जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी शिकवण रुजते. त्यामुळे वर्षाने एखाद्या दिवशी पुन्हा दचकलीस तर सारे फुकट गेले असे समजून मला रडके पत्र पाठवू नकोस. मी अजूनही नळाला अचानक जोर आला की दचकते आणि डोके पुढे करते.

जगणेच नको, असा विचार कधी आला तर माझ्या उत्तराची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. याबाबतीत माझ्याशी वाद घालू नकोस.

येत्या रविवारी उजेडात गाडीत बस. इंजिन बंद, तुझ्या बाजूचे दार सताड उघडे, एक पाय बाहेर जमिनीवर. दोन्ही हात चाकावर ठेव, त्याचा खडबडीतपणा बोटांना लागू दे. डोळे मिटू नकोस. दहा मिनिटे बसायचे. हात थरथरले तरी थरथरू द्यायचे, त्यांना समजवायचे नाही. बसताना, पाचव्या मिनिटाला आणि उतरताना भीती शून्य ते शंभरमध्ये किती होती, ते कागदावर लिही. ते तीन आकडे मला पाठव. बाकी काही लिहिले नाहीस तरी चालेल.

तुझी,
बाई