स्वयंपाकघर नव्याने करतोय. सिंक दोन बाऊलचं घ्यावं की एका? दहा इंच खोल चालेल का? स्टील की क्वार्ट्झ?

तुम्ही मापं विचारलीत, कशाचं घ्यावं ते विचारलंत, पण घरात भांडी कोण घासतं हे लिहिलं नाहीत. सिंक त्या माणसासाठी घ्यायचं असतं. आमच्या घरी हे कोणी लक्षातच घेतलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं स्वयंपाकघर करायला काढलं तेव्हा सगळा कारभार दादाने हातात घेतला. ओट्याचा दगड, कपाटं, नळ, सगळं त्याच्या पसंतीचं. सिंकही त्यानेच ठरवलं: दोन बाऊलचं, दहा इंच खोल, दगडाखालून बसवायचं. एकात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, असा त्याचा हिशोब. मी तेव्हाच म्हटलं होतं, आईला दुकानात घेऊन जा, तिला सिंकसमोर उभं कर आणि घरातलं सर्वांत मोठं पातेलं बरोबर ने. "सिंक घ्यायला पातेलं कोण नेतं?" एवढं बोलून त्याने विषय संपवला.

आईची उंची जेमतेम पाच फूट. आता हिशोब करा. ओटा जमिनीपासून ३४ इंच. त्यातून दगडाची जाडी पाऊण इंच आणि सिंकची खोली १० इंच वजा केली की तळ येतो सव्वातेवीस इंचांवर. ती ताठ उभी राहून हात सरळ खाली सोडते तेव्हा तिची बोटं साधारण तिथपर्यंत पोचतात. पण सिंक पायाशी नसतं, पुढे असतं. म्हणजे तळाची वाटी उचलायची तर ओट्याच्या कडेवर पोट टेकवून कंबरेतून वाकायचं. दर वाटीला, दर चमच्याला.

पातेल्याची तर वेगळीच तऱ्हा. त्या अर्ध्या बाऊलमध्ये ते सपाट बसेना. आई ते तिरकं धरायची, एक कान मधल्या दुभाजकावर टेकलेला, दुसरा तिच्या हातात. घासायला एकच हात मोकळा. नळ सोडला की पाणी पातेल्याच्या बाहेरच्या अंगावरून ओट्यावर आणि तिथून ओघळत तिच्या पोटावर. रोज रात्री कपड्यांवर त्याच जागी ओला पट्टा. आणि विसळायचा म्हणून घेतलेला दुसरा बाऊल? त्यात धुतलेली भांडी निथळत पडलेली असायची, विसळायला जागा कुठली!

शेवटी मी हट्टाने ते बदलायला लावलं. बाहेरचं माप तेच ठेवून एका बाऊलचं, आठ इंच खोलीचं सिंक आणलं, त्यामुळे दगडाला हात लावावा लागला नाही. प्लंबरने पात्याने जुनं सिलिकॉन कापलं, क्लिपा सोडवल्या, नवीन बसवलं. सिलिकॉन वाळल्यावर आईने पातेलं तळाशी सपाट ठेवलं आणि दोन्ही हातांनी घासलं.

दादा अजूनही म्हणतो की सिंक खोल असलं की पाणी उडत नाही. पाणी उडतं ते मुख्यतः नळामुळे. धार किती उंचावरून, किती जोरात आणि कुठे पडते ते बघा. नळाच्या तोंडाला एरेटरची, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळी असेल आणि धार बाऊलच्या साधारण मध्यावर पडत असेल, तर आठ इंचांत काही उडत नाही. त्याचा दुसरा मुद्दा, खोल सिंकमध्ये खरकटी भांडी दिसत नाहीत. नजरेआड झाली तरी ती कुणालातरी घासावीच लागतात, आणि आमच्याकडे तो "कुणीतरी" दादा कधीच नव्हता.

आता सिंक कशाचं घ्यावं ते. रोजच्या मोठ्या भांड्यांसाठी मी स्टीलच घेईन. ३०४ ग्रेड घ्या, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी आणि त्याऐवजी मँगनीज असतं, त्यामुळे ते डागांना लवकर बळी पडतं. दुकानात चुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४" असं सांगतात, त्यावर जाऊ नका. चुंबक २०२ लाही चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ च्या दाबून वळवलेल्या कोपऱ्यांवर किंचित ओढ जाणवू शकते. ग्रेड बिलावर लिहून घ्या. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १८ गेज म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर, तेवढं पुरतं. खाली रबराचे पॅड असतील तर खणखणाट कमी होतो. अगदी काटकोनी कोपरे फोटोत छान दिसतात, पण त्यात घाण बसते आणि घासणी आत पोचत नाही. थोडी गोलाई हवीच.

क्वार्ट्झ, म्हणजे दगडाची पूड आणि राळ एकत्र करून बनवलेलं सिंक, वाईट नाही. आवाज कमी, रंग सुंदर. पण पाणी जड असेल तर गडद रंगावर पांढरे डाग उठून दिसतात, आणि जड भांडं आपटलं तर टवका उडू शकतो.

तुमच्या घरात भांडी घासणारी व्यक्ती उंच असेल, किंवा दोघं एकाच वेळी सिंकपाशी काम करत असाल, तर माझं म्हणणं जसंच्या तसं घेऊ नका. तेव्हा एक मोठा, एक लहान आणि मधला दुभाजक बुटका, असं सिंक चालेल. खोल सिंक आधीच घेऊन बसला असाल तर तळाला स्टीलची जाळी टाका, भांडी इंचभर तरी वर येतील. ओटा लॅमिनेटचा, म्हणजे भुशाच्या फळीवर पातळ थर चिकटवलेला असेल तर खालून बसवायच्या सिंकचा विचार सोडा. कापलेल्या कडेतून पाणी शिरतं आणि आतला भुसा फुगतो.

आणि काम चालू असताना फरशी धुवायला ॲसिड वापरणार असतील तर सिंक आधी बसवू नका. त्या ॲसिडच्या नुसत्या वाफेनेही नव्या स्टीलवर तांबूस डाग पडतात आणि मग सगळे दुकानदाराला दोष देतात. दगडही कागदावरच्या मापावरून कापू देऊ नका. सिंक घरात येऊ द्या, त्याच्यासोबतचा साचा दगडावर ठेवा आणि मगच खूण करायला सांगा.