सकाळची खडखड आणि ऑइल फिल्टर

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी चालू करताना तीन-चार सेकंद खडखडते, मग शांत होते. ऑइल आणि फिल्टर बदलल्यापासूनच हे सुरू झालंय. इंजिन गेलं का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : घाबरू नका. सर्व्हिसनंतरच आवाज सुरू झालाय, म्हणून आधी फिल्टर बघा. ठाण्यात कोपरीला माझं गॅरेज आहे. गेल्याच आठवड्यात अशीच एक गाडी आली होती. फिल्टर काढून तोंडाकडून पाहिला. कडेच्या बारीक भोकांमागे रबरी पडदा असतो, तो बोटाने दाबला तर पत्र्यासारखा कडक! हा पडदा इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑइल धरून ठेवतो. तो नीट बसला नाही तर रात्रीत ते सगळं ऑइल इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं. सकाळी पंप आधी रिकामा फिल्टर भरतो, तोवर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आणि टायमिंग चेन (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी) कोरडी वाजते. फिल्टर आडवा किंवा उलटा, म्हणजे तोंड खाली करून, बसत असेल तर हा त्रास जास्त. तोंड वर असेल तर फारसा नाही.

स्वस्त फिल्टरमधलं साधं रबर उष्णतेने लवकर कडक होतं, सिलिकॉनचं मऊ राहतं. पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी सिलिकॉनवालाच घ्या. ऑइलचा ग्रेडही (म्हणजे ते किती पातळ-जाड) मॅन्युअलशी ताडून पाहा. पातळ ५डब्ल्यू-३०च्या जागी जाड २०डब्ल्यू-५० भरलं असेल तर ते वर चढायला वेळ लावणारच.

फिल्टर बदलूनही आवाज राहिला तर चेन टेन्शनर (टायमिंग चेन ताणून धरणारा भाग) तपासून घ्या. आणि ऑइलचा लाल दिवा विझत नसेल तर गाडी तिथेच बंद करा, गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका.